एका सहीसाठी

खोट्या सह्या ओळखण्याची विद्या शाळामास्तराला कोणी शिकवीत नाही. ती त्याला आपोआप येते. परीक्षेचा निकाल लागतो, प्रगतिपुस्तके घरोघर जातात आणि पालकांच्या सह्या होऊन परत येतात. त्या गठ्ठ्यात एखादी तरी सही अशी निघते, की तिच्यापाशी मास्तराचा हात थबकतो. सही हुबेहूब असते. किंबहुना जरा जास्तच हुबेहूब असते. खरा बाप कचेरीत जाण्याच्या घाईत सही करतो, एखादी वेलांटी अर्धवट सोडतो, शेवटचे अक्षर नुसते ओढून टाकतो. खोटी सही करणारा मात्र प्रत्येक वळण जिवापाड जपून काढतो, आणि तेथेच फसतो.

आणखी एक गोष्ट माझ्या ध्यानात आली आहे. अशी सही करणारा मुलगा सहसा वर्गातला व्रात्य मुलगा नसतो. व्रात्य मुलाला मार खाण्याची सवय असते. तो लाल रेघा बापापुढे बेधडक धरतो. सही करतो तो निराळाच मुलगा. त्याला बापाच्या छडीचे भय नसते. आपला आकडा पाहून बापाच्या चेहऱ्यावर जी छाया पडते, तिचे भय असते.

थोर पुरुषांच्या खोट्या सह्या आणि खोटी पत्रे करणाऱ्यांचा इतिहास मोठा आहे. त्यातले बहुतेक लोक पैशासाठी हे उद्योग करीत आले. काही वैरापोटी, काही राजकारणासाठी. आपल्याकडे थोरांच्या पत्रांवर आजच्यासारखी सही नसे. मजकूर चिटणिसाच्या हातचा असे, माथ्यावर मुद्रा आणि शेवटी मोर्तब. म्हणून आपल्याकडची प्रसिद्ध लबाडी सहीची नव्हे, अक्षराची आहे. नारायणराव पेशव्यांच्या १७७३ मधील खुनाची गोष्ट निघाली, की आनंदीबाईंनी 'धरावे'चे 'मारावे' केले, ही कथा कोणी तरी सांगतोच. ती खरी की खोटी हा वाद बाजूला ठेवू. एका अक्षराने माणसाचा जीव जाऊ शकतो, एवढे मात्र ती कथा आपल्या मनावर ठसवून गेली आहे.

पण आज मला जी हकिकत सांगायची आहे, ती आपल्याकडची नाही. ती आहे लंडनची, आणि काळ आहे १७९४ ते १७९६ हा. इकडे १७९५ च्या मार्चमध्ये मराठ्यांनी खर्ड्याला निजामाचा पराभव केला आणि त्याच वर्षीच्या ऑक्टोबरात सवाई माधवराव शनिवारवाड्यात पडून गेले. त्याच वर्षी तिकडे लंडनमध्ये मोठमोठे विद्वान, सरदार आणि धर्मगुरू एका घरापुढे गर्दी करीत होते. त्या घरात शेक्सपिअरच्या हातचे कागद सापडले होते! आणि ते सगळे कागद ज्याने लिहिले होते, तो एकोणीस वर्षांचा मुलगा त्याच खोलीच्या कोपऱ्यात उभा राहून पाहुण्यांची तोंडे न्याहाळीत होता.

त्याचे नाव विल्यम हेन्री आयर्लंड.

त्याचा बाप सॅम्युएल आयर्लंड हा चित्रे कोरून छापणारा कारागीर. हॉलंडची, टेम्स नदीची चित्रे काढून त्याने सचित्र प्रवासवर्णनांची पुस्तके प्रसिद्ध केली होती आणि त्यावर बऱ्यापैकी नाव मिळविले होते. स्ट्रँड भागातल्या नॉर्फोक स्ट्रीटवर त्याचे घर होते. घर कसले, ते एक संग्रहालयच होते. होगार्थची चित्रे, दुर्मिळ पुस्तके, इजिप्तमधल्या मम्मीच्या कापडाचा तुकडा, पहिल्या चार्ल्स राजाच्या झग्याचा तुकडा अशा वस्तूंनी कपाटे भरलेली. जुन्या वस्तूंचा नाद फार वाईट. तो लागला, की माणसाला घरातल्या जिवंत माणसांपेक्षा मेलेल्या माणसांच्या चिंध्या अधिक मोलाच्या वाटू लागतात. सॅम्युएलचे तसेच झाले होते.

त्याचे मुख्य दैवत शेक्सपिअर. रात्री जेवणे आटोपली, की तो घरातल्या मंडळींना भोवती बसवून शेक्सपिअरची नाटके मोठ्याने वाचून दाखवी. आपल्याकडे पोथी चालावी, तसाच हा प्रकार. आणि वाचून झाले, की एक सुस्कारा हमखास ठरलेला. या महाकवीच्या हातची नुसती एक सही जरी मला मिळाली, तरी मी माझी अर्धी पुस्तके देऊन टाकीन, असे तो म्हणे.

त्याची ही तळमळ समजण्यासारखी होती. ज्याने एवढी नाटके लिहिली, त्या माणसाचे एकही पत्र, एकाही नाटकाची प्रत त्या काळी कोणाच्या हाती नव्हती. आजसुद्धा ज्यांच्याबद्दल सर्वसाधारण एकमत आहे अशा त्याच्या सह्या सहाच आहेत. तीन मृत्युपत्रावर, दोन लंडनमधल्या एका घराच्या व्यवहाराच्या कागदांवर आणि एक न्यायालयातल्या जबानीवर. या शेवटच्या सहीचा शोध तर विसाव्या शतकात लागला. एवढा मोठा देव आणि त्याच्या पावलाचा ठसासुद्धा नाही! भक्तांनी करावे काय?

मुलाची कथा अगदी निराळी. विल्यम हेन्री शाळेत 'ढ' ठरला होता. एका शाळेच्या मुख्याध्यापकाने तर त्याच्याबरोबर बापाला चिठ्ठी पाठविली. मुलगा इतका मंद आहे, की कोणत्याही शाळेला त्याच्यामुळे कमीपणाच येईल. अशा मुलाची फी घेणे म्हणजे तुम्हांला लुबाडणे होय, अशा आशयाची. त्या मुख्याध्यापकाच्या प्रामाणिकपणाचे कौतुक करावे, की निर्दयपणाचा राग धरावा, हे मला अजून ठरविता आलेले नाही. पुढे मुलाला काही वर्षे फ्रान्समध्ये शिकायला ठेवले. परत आल्यावर मालमत्तेचे दस्तऐवज तयार करणाऱ्या एका वकिलाच्या कचेरीत उमेदवार म्हणून चिकटवून दिले. बापाला त्याच्याविषयी फारशी आशा उरली नव्हती, आणि ही गोष्ट मुलालाही ठाऊक होती.

एका उन्हाळ्यात बापलेक शेक्सपिअरच्या गावी, स्ट्रॅटफर्डला गेले. सॅम्युएलला ॲव्हन नदीवरच्या आपल्या पुस्तकासाठी चित्रे काढायची होती. गावाबाहेर क्लॉप्टन हाऊस म्हणून एक जुना वाडा होता. शेक्सपिअरच्या घरातले काही कागद एके काळी तेथे नेऊन ठेवले होते, असे कोणी तरी सांगितले. दोघेही धावत तेथे गेले. वाड्यात राहणाऱ्या शेतकऱ्याने त्यांचे बोलणे ऐकून घेतले आणि तो हळहळत म्हणाला, "अहो, तुम्ही थोडे आधी यायचे! पंधरा दिवसांमागेच मी टोपल्याच्या टोपल्या कागद जाळून टाकले. तितराच्या पिलांसाठी खोली मोकळी करायची होती. शेक्सपिअरचे नाव असलेले पुष्कळ कागद होते त्यांत." बायकोनेही साक्ष दिली, वर नवऱ्याला दोन शब्द ऐकविले. सॅम्युएलचा चेहरा पांढराफटक पडला. शहरी पाहुण्यांची ती गावरान थट्टा असण्याचाच संभव अधिक. पण बापाचा तो चेहरा मुलाने पाहिला.

मला वाटते, पुढच्या साऱ्या प्रकरणाचे बीज त्या चेहऱ्यात आहे.

वकिलाच्या कचेरीत विल्यम हेन्री बहुतेक वेळ एकटाच असे. भोवती जुन्या दस्तऐवजांचे ढीग. एलिझाबेथ राणीच्या आणि जेम्स राजाच्या काळचे चर्मपत्राचे तुकडे त्याला सहज हाताशी होते. शेक्सपिअरच्या सहीची प्रतिकृती छापील पुस्तकात उपलब्ध होती. अडचण होती ती शाईची. एका पुस्तकबांधणीवाल्याकडे त्याने सहज म्हणून चौकशी केली. तिथल्या कामगाराने पुस्तकांच्या कव्हराच्या कागदावर संगमरवरी नक्षी उठविण्यासाठी वापरतात ते तीन द्रव एकत्र करून दिले. या मिश्रणाने लिहिले, की अक्षर अगदी फिके उमटे. पण कागद शेकोटीपुढे धरला, की ते दोनशे वर्षांचे असावे तसे तपकिरी होई. शेकोटीची धग जास्त झाली, की कागद जळक्या रंगाचा होई, तेही पथ्यावरच पडले. पुढे कोरा जुना कागद हवा म्हणून त्याने एका पुस्तकविक्रेत्याला पाच शिलिंग दिले आणि जुन्या पुस्तकांच्या आरंभी-शेवटी असतात ती कोरी पाने फाडून घेतली. कागद बांधायला जुना दोरा हवा, तर तो त्याने थेट लॉर्ड्स सभागृहाजवळच्या जीर्ण पडद्यातून ओढून काढला!

१६ डिसेंबर १७९४ रोजी रात्री त्याने बापाच्या हाती एक दस्तऐवज ठेवला. १६१० सालचा, जागेच्या व्यवहाराचा. एका बाजूला मायकेल फ्रेझर नावाचा इसम, दुसऱ्या बाजूला विल्यम शेक्सपिअर. खाली सही आणि सील. सॅम्युएलने तो पुन्हापुन्हा उलटसुलट पाहिला आणि मग पुस्तकांच्या कपाटाच्या किल्ल्या मुलापुढे केल्या. हवे ते घे, म्हणाला. ज्या मुलाला जन्मात कधी बक्षीस मिळाले नव्हते, त्याला त्या क्षणी काय वाटले असेल, याची कल्पना करणे कठीण नाही.

आता सीलची गंमत पाहा. मुलाने एका खऱ्या जुन्या दस्तऐवजावरचे सील कापून येथे चिकटविले होते. त्यावर कसले चित्र आहे, हे त्याने पाहिलेही नव्हते. बापाच्या एका विद्वान मित्राने भिंग लावून शोध लावला, की हे भाल्याच्या सरावाच्या खांबाचे चित्र आहे. शेक्सपिअर या नावातच भाला हलविण्याचा अर्थ आहे. तेव्हा हे खास कवीचेच सील, यात शंका कसली? येथे एक धडा घेण्यासारखा आहे. खोटे करणारा अर्धेच काम करतो. उरलेले अर्धे काम विश्वास ठेवणारे आनंदाने पुरे करतात.

हा कागद आला कोठून, असे विचारताच मुलाने उत्तर तयार ठेवले होते. एका श्रीमंत सद्गृहस्थाशी आपली ओळख झाली; त्यांच्या घरी एक जुनी पेटी आहे; पण त्यांना आपले नाव उघड करायचे नाही. कागदोपत्री हे सद्गृहस्थ नुसते 'मिस्टर एच.' या नावाने वावरले. आपल्याकडे जुनी दप्तरे धुंडाळणाऱ्या संशोधकाला विचारा. कागद हाती आला, की तो आधी विचारतो, कोणत्या घराण्याचे दप्तर, कोणता रुमाल, इतकी वर्षे कोणाच्या माळ्यावर पडला होता? 'एका सद्गृहस्थाकडून' या उत्तरावर त्याचे समाधान होत नाही. सॅम्युएलचे झाले. कारण त्याला समाधान हवेच होते.

एका सहीवर हे थांबते, तर कदाचित कोणालाच कळले नसते. पण सगळे म्हणू लागले, की जेथे एक कागद सापडला तेथे आणखी असलेच पाहिजेत. आणि पेटीतून कागद येऊ लागले. शेक्सपिअरची धर्मनिष्ठा सांगणारा लेख आला. भावी पत्नीला लिहिलेले प्रेमपत्र आले, सोबत केसांची बट. खुद्द एलिझाबेथ राणीचे कवीला पत्र आले. कवीचा आश्रयदाता अर्ल ऑफ साउदॅम्प्टन याचेही पत्र आले. त्याचे अक्षर निराळे दिसावे म्हणून मुलाने ते डाव्या हाताने लिहिले होते. मग संबंध 'किंग लिअर' आले. त्यातले जे ग्राम्य भाग सभ्य वाचकांना खटकत, ते या प्रतीत नव्हते. पाहा, आमचा कवी मुळात किती सोज्ज्वळ होता, नटांनी त्याला बिघडविला, असे म्हणून लोकांना धन्यता वाटली.

धर्मनिष्ठेचा लेख आला, त्या दिवशीचा प्रसंग मुलाने पुढे स्वतः सांगितला आहे. डॉ. पार आणि डॉ. वॉर्टन हे दोन गाढे पंडित तो लेख ऐकायला आले. लेख संपल्यावर त्यांच्यापैकी एकाने सांगितले, की आमच्या प्रार्थनेच्या पुस्तकात सुंदर उतारे पुष्कळ आहेत, पण या माणसाने आम्हां सर्वांना मागे टाकले! मुलगा शेजारच्या खोलीत गेला आणि खिडकीला कपाळ टेकून उभा राहिला. शाळेला ज्याच्यामुळे कमीपणा येणार होता, त्याचा मजकूर ऐकून इंग्लंडातले पंडित माना डोलवीत होते.

१७९५ च्या फेब्रुवारीत डॉ. जॉन्सनचे चरित्र लिहिणारा बॉस्वेल आला. त्याने कागद तपासले, मध्येच ब्रँडीचा गरम पेला मागविला आणि मग गुडघे टेकून त्या कागदांचे चुंबन घेतले. आता आपण सुखाने मरू, असे तो म्हणाला. तीन महिन्यांनी, मेमध्ये, तो वारलाही. बिचाऱ्याला खरे कधीच कळले नाही. कागद अस्सल आहेत, अशा पत्रकावर मोठमोठ्यांनी सह्या केल्या. पॉर्सन नावाच्या ग्रीक भाषेच्या पंडिताने मात्र नकार दिला. श्रद्धेच्या जाहीरनाम्यांवर सह्या करणे मला आवडत नाही, असे म्हणून तो निघून गेला. खोट्या सह्यांच्या या बाजारात खऱ्या सहीची किंमत ओळखणारा तो एक निघाला.

मुलगा कल्पक तर खराच. शेक्सपिअरचे वारस पुढे येऊन कागदांवर हक्क सांगतील, अशी भीती निर्माण झाली. लगेच पेटीतून एक दानपत्र निघाले. शेक्सपिअर टेम्स नदीत बुडत होता, तेव्हा ज्याने त्याला वाचविले त्याला कवीने आपली काही हस्तलिखिते बक्षीस दिली होती. आणि त्या उपकारकर्त्याचे नाव, योगायोग पाहा, विल्यम हेन्री आयर्लंड! त्या काळी इंग्लंडात माणसाला अशी दोन-दोन नावे ठेवण्याचा प्रघात जवळजवळ नव्हता, हे कोणाच्या ध्यानात आले नाही.

एकदा तर प्राणांवरच बेतले होते. शेक्सपिअरचा सोबती नट जॉन हेमिंग याच्या सहीचा एक कागद या पेटीतून निघाला होता. ॲल्बनी वॉलिस नावाच्या वकिलाकडे त्याच हेमिंगची खरी सही असलेला दस्तऐवज निघाला आणि दोन्ही सह्यांत काडीचेही साम्य नव्हते. सॅम्युएल घाबरला. मुलगा खरी सही एकवार पाहून घेऊन बाहेर पडला. थोड्याच वेळात तो परत आला, तो नवा कागद घेऊन. आणि त्यावरची सही खऱ्या सहीशी बरोबर जुळत होती! मिस्टर एच. म्हणतात, त्या काळी जॉन हेमिंग दोन होते. एक ग्लोब नाटकगृहाचा उंच हेमिंग आणि दुसरा कर्टन नाटकगृहाचा ठेंगणा हेमिंग, असा खुलासा त्याने केला. एकदा पाहिलेली सही लक्षात ठेवून तासा-दीड तासात हुबेहूब उतरविणारा हा मुलगा 'ढ' होता, हे विसरू नये.

१७९५ च्या नाताळाच्या आदल्या दिवशी सॅम्युएलने हे सारे कागद थाटामाटाने छापून प्रसिद्ध केले. किंमत चार गिनी. मुलाने विरोध केला होता; पण आता ते मुलाच्या हातात राहिले नव्हते. कपाटात आहे तोवर कागदाला दहा माणसे पाहतात, तीही भारावलेल्या मनाने. छापला, की तो शहाण्या माणसाच्या टेबलावर जाऊन पडतो.

तो शहाणा माणूस म्हणजे एडमंड मलोन. शेक्सपिअरच्या ग्रंथांची साक्षेपी आवृत्ती त्याने १७९० मध्ये प्रसिद्ध केली होती. तो नॉर्फोक स्ट्रीटवर गेलाच नाही. त्याने छापील पुस्तक पुढे घेतले, खरे जुने कागद शेजारी ठेवले आणि तीन महिने मान खाली घालून काम केले. ३१ मार्च १७९६ रोजी त्याचा चारशेहून अधिक पानांचा ग्रंथ बाहेर पडला आणि सगळा डोलारा कोसळला.

मलोनची रीत समजून घेण्याजोगी आहे. कारण कोणत्याही देशाचा इतिहास याच रीतीने शुद्ध राहतो. त्याने प्रथम भाषा तपासली. मुलाने कागद जुना दिसावा म्हणून प्रत्येक शब्दात जादा अक्षरे कोंबली होती. जुन्या काळचे शुद्धलेखन सैल होते, पण कोणत्याही काळी ते असे नव्हते, हे त्याने नमुन्यांनिशी दाखविले. मग त्याने हस्ताक्षर पाहिले. राणीचे आणि साउदॅम्प्टनचे खरे लेखन शिल्लक होते. त्याच्याशी डाव्या हाताचा हा खटाटोप कोठेच जुळेना. आणि शेवटी त्याने काळ पाहिला. राणीच्या पत्रावर पत्ता होता ग्लोब नाटकगृहाचा, आणि आत उल्लेख होता लॉर्ड लेस्टरच्या भेटीचा. लेस्टर वारला १५८८ मध्ये. ग्लोब उभे राहिले १५९९ मध्ये. मेलेला सरदार न बांधलेल्या नाटकगृहात नाटक पाहायला कसा येणार? इतकी साधी बेरीज-वजाबाकी होती. ती पुस्तके सर्वांच्या कपाटांत होती. गुडघे टेकण्याआधी ती उघडून पाहावी, असे मात्र कोणाला वाटले नाही.

पण अजून नाटकाचा शेवटचा अंक राहिला होता, आणि हे मी शब्दशः म्हणतो. त्या पेटीतून शेक्सपिअरचे एक अप्रसिद्ध नाटकही निघाले होते. बापाच्या अभ्यासिकेत व्होर्टिगर्न या प्राचीन राजाचे आणि रोवेनाचे एक चित्र टांगलेले होते. ते पाहून मुलाने सांगून टाकले, की या विषयावरचे नाटक पेटीत आहे. तेव्हा त्याची एक ओळही लिहिलेली नव्हती! बाप रोज तगादा लावू लागला आणि मुलगा पाने लिहून एकेक आणून देऊ लागला. दोनेक महिन्यांत नाटक पुरे झाले. ड्रुरी लेन नाटकगृहाचा मालक शेरिडन, जो स्वतः नामांकित नाटककार, त्याने तीनशे पौंड देऊन ते घेतले. वाचताना तो म्हणाला, की कल्पना धीट आहेत, पण कच्च्या आहेत. शेक्सपिअरने हे अगदी तरुणपणी लिहिले असावे. लेखक अगदी तरुण होता, हे त्याने बरोबर ओळखले. फक्त नाव चुकले.

मुख्य भूमिका जॉन फिलिप केंबल या थोर नटाची होती आणि त्याचा कागदांवर मुळीच विश्वास नव्हता. प्रयोग एक एप्रिलला, म्हणजे लोकांना फसविण्याच्या दिवशीच व्हावा, असा त्याचा बेत होता. तो साधला नाही. २ एप्रिल १७९६, शनिवार. मलोनचा ग्रंथ येऊन दोनच दिवस झाले होते. नाटकगृह तुडुंब भरले. दाराशी सॅम्युएलच्या बाजूची पत्रके वाटली जात होती. नाटक शांतपणे ऐका, अशी त्यांत विनंती होती. पहिले अंक लोकांनी खरोखरच शांतपणे ऐकले. पाचव्या अंकात व्होर्टिगर्नचे मृत्यूला उद्देशून एक लांबलचक भाषण होते. त्यात हे गंभीर सोंग एकदा संपावे, अशा अर्थाची एक ओळ होती. केंबलने ती अशा काही आवाजात उच्चारली, की सारे नाटकगृह हसण्याने दणाणून गेले. कितीतरी मिनिटे गोंधळ थांबेना. अखेर तो थांबला, तेव्हा केंबल पुढे आला आणि सावकाश, एकेक शब्द तोलीत, त्याने तीच ओळ पुन्हा म्हटली. नाटकाचे भवितव्य तेथेच ठरले. दुसरा प्रयोग झाला नाही.

आता लोक विचारू लागले, की ही लबाडी कोणाची? आणि सर्वांची बोटे वळली ती सॅम्युएलकडे. पुस्तक त्याचे, घर त्याचे, पैसा त्याचा. मुलगा? छे! तो तर मंद. त्याला चार ओळी धड लिहिता येत नाहीत, हे त्याच्या बापानेच सर्वांना सांगून ठेवले होते.

बाप बदनाम होतो आहे, हे पाहून मुलाने तोंड उघडले. आधी बहिणींना सांगितले, मग घरातल्या बाईंना, मग वॉलिस वकिलाला. हे सगळे मीच लिहिले, बापाला काही ठाऊक नाही. जूनमध्ये त्याने घर सोडले आणि वर्षअखेरीस एक लहानसे पुस्तक छापून कबुलीजबाब दिला.

बापाने त्यावर विश्वास ठेवला नाही.

या साऱ्या प्रकरणात मला सर्वांत अधिक चटका लावणारी गोष्ट हीच वाटते. मुलाच्या खोट्या बोलण्यावर ज्या बापाने सोळा महिने डोळे मिटून विश्वास ठेवला, त्याने मुलाच्या एकुलत्या एका खऱ्या बोलण्यावर ठेवला नाही. हे कागद तुझ्यासारख्याला लिहिता येणे शक्य नाही, असे त्याचे म्हणणे. मलोनला उत्तर देण्यासाठी त्याने पुस्तके लिहिली, वर्तमानपत्रांतली थट्टा आणि व्यंगचित्रे सोसली. १८०० च्या जुलैमध्ये तो वारला, तो कागद खरे आहेत हेच मनात धरून. आपला मुलगा बुद्धिमान होता, हे कबूल करण्यापेक्षा त्याने आपली अब्रू जाऊ दिली.

आणि मुलगा? त्याने १८०५ मध्ये सविस्तर कबुलीजबाब लिहिला. कादंबऱ्या लिहिल्या, कविता केल्या. पोट कधी भरले, कधी भरले नाही. पुढे तर लोक त्याच्याकडे त्या प्रसिद्ध खोट्या कागदांच्या मूळ प्रती विकत मागू लागले आणि तो त्या पुन्हापुन्हा नव्याने लिहून विकू लागला. खोट्याच्या खोट्या प्रती! १८३५ मध्ये तो वारला. शेक्सपिअरच्या नावाने लिहिले, तेव्हा पंडितांनी त्याला डोक्यावर घेतले. स्वतःच्या नावाने लिहिले, तेव्हा कोणी विचारले नाही.

त्याने केले ते वाईटच केले, यात शंका नाही. खोटा कागद ही गंमत नव्हे. तो एकदा इतिहासात शिरला, की खऱ्या कागदांवरचाही विश्वास उडतो. साऱ्या दुधात मिठाचा खडा पडतो. म्हणून मलोनसारख्या कोरड्या, चिकाटीच्या माणसांचे आपल्यावर फार उपकार आहेत. आपल्याकडेही मोडी कागदांच्या ढिगाऱ्यात जन्म घालविणारे असे तपस्वी झाले. थोर पुरुषावर आपले प्रेम असेल, तर त्याच्या नावावर आलेला प्रत्येक कागद माथी लावण्यापेक्षा आधी तो उजेडात धरून पाहणे, हीच त्याची खरी सेवा.

हे सारे वाचीत होतो, तेव्हा मला माझ्या वर्गातला एक मुलगा आठवला. अशाच एका सहीवरून मी त्याला पकडले होते. गणितात अकरा गुण, इतिहासात एकोणीस; आणि खाली वडिलांची सही, एकही वळण न चुकलेली. मी त्याला खूप बोललो. तो मान खाली घालून उभा होता. पुढे प्रकरण मिटले, त्याच्या वडिलांना मी काही कळविले नाही, आणि त्याबद्दल माझ्या उदारपणाचे मला थोडे कौतुकही वाटले.

आयर्लंडची हकिकत वाचून झाल्यावर एक गोष्ट माझ्या ध्यानात आली. तीन वर्षे तो मुलगा माझ्या वर्गात होता. त्याच्या वह्या मी तपाशीत होतो. लाल शाईने चुका मोजीत होतो. त्याचे अक्षर इतके सुरेख आहे, हे मला कळले ते त्या खोट्या सहीवरून. आणि त्या दिवशीही ते मी त्याला सांगितले नाही.